चेरी धरलेला हात

चेरीचे वरेनिकी कुणी काडीला टोचून खातं का? त्सेझारीच्या चित्रांच्या गॅलरीत खात होते. कणकेचे ते उकडलेले, करंजीसारखे घास गार होऊन चिवट झालेले, आणि पाहुणे मान डोलावत म्हणत होते, "अगदी तुमच्या बाखमुतची चव." उस्तिनाला शिसारी आली. त्यांच्यातल्या एकानंही बाखमुत पाहिलं नव्हतं, आणि युद्धानं त्या युक्रेनी गावात आता पाहायला काही ठेवलंही नव्हतं.

भिंतीवर तिच्या एकाच चित्राच्या प्रती होत्या. आईचं स्वयंपाकघर. आई चेरीच्या बिया काढतेय, आणि एक चेरी शेजारी स्टुलावर बसलेल्या लहानग्या उस्तिनापुढं धरलीय. ज्यावर कोरून, शाई लावून हे छापलं तो लिनोलियमचा तुकडा टेबलावर होता. तो त्याच स्वयंपाकघराच्या जमिनीवर अंथरलेल्या लिनोलियमचा. युद्ध सुरू झाल्यावर इथं पोलंडला, क्राकोवला निघताना तिनं कोपरा कापून आणला होता. आई मात्र आली नाही. "तू हो पुढं, माझ्या कोंबड्यांना कोण बघणार?" म्हणाली, आणि उस्तिना खरंच पुढं झाली. त्याच हिवाळ्यात तोफगोळ्यांखाली आई घरासकट गेली.

छपाईवाल्यांची एक रीत आहे. ठरलेल्या प्रती निघाल्या की मूळ तुकड्यावर कोरणीनं घाव घालून तो रद्द करायचा, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. हे काम आपलं आपण, दार लावून करायचं. मेलेल्या माणसाला आंघोळ घालताना कुणी पाहुणे बोलावतं का? त्सेझारीनं बोलावले होते.

"उस्तिनाबाई, आईच्या तोंडावरून आडवा घाव घाला," तो कानाशी येऊन म्हणाला. "फोटो छान येईल. आणि रडू आलं तर आवरू नका."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाता तुम्ही."

"खातो ना. तुम्हालाही वाढतोच की."

हे खोटं नव्हतं, म्हणून तर तिला स्वतःचीच किळस आली. इथं आल्यापासून प्रत्येक प्रदर्शनात तिनं हीच आई मांडली होती, आणि प्रत्येक वेळी स्वतःला तिच्याशेजारी बसवलं होतं.

तिनं कोरणी आईच्या कपाळावर टेकवली. सगळ्यांचे फोन वर झाले. हात काही चालेना. मग तिनं कोरणी सरकवली आणि स्टुलावरच्या पोरीत खुपसली. वेणी, खांदे, पुढं केलेला तळवा, सगळं खरवडून काढलं. स्टूल तेवढं राहिलं.

त्सेझारी वाकून बघतच राहिला. "अहो, हे तर पहिल्यापेक्षा भारी झालं. याची एक प्रत काढू या ना."

"रद्द झाल्यावर प्रत काढत नाहीत. एवढ्या वर्षांत एवढं तरी शिकायचं होतं." तिनं तुकडा शालीत गुंडाळायला घेतला.

काडी हातात धरलेली एक बाई जवळ आली. रिकाम्या स्टुलाकडं चेरी धरून बसलेल्या आईवर बोट ठेवून तिनं हळुवारपणे विचारलं, "आणि मुलगी? ती कुठं गेली?"

"पळाली," उस्तिना म्हणाली, आणि तिनं कोट चढवला.