त्रेपन्न दिवाळ्यांची लापशी

दिवाळीला तांड्यात घरोघरी चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप-लापशी टाकून पितरांना जेवू घालतात. शंकरसिंगच्या नावाचा घास त्रेपन्न वर्षं त्याची बायको धनीबाई टाकत आली. चैत्रात तीही गेली आणि ते काम लेकीकडे, उज्ज्वलाकडे आलं.

उज्ज्वलानं बापाला पाहिलंच नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत हवाई दलाचं सरावाचं विमान कोसळलं, त्यात तो होता. वय बावीस. ती तेव्हा पोटात. आता ती त्रेपन्न वर्षांची, म्हणजे बापाहून एकतीस वर्षांनी थोरली. एवढ्याशा पोराला वाढायचं तर त्याची आवडनिवड माहीत नको?

"त्याले आवडायचं काय?" तिनं विचारलं.

"फौजी माणूस. रम टाक," चुलतभाऊ देवसिंग म्हणाला.

"तू जन्मला तरी होता काय रे तवा?" मैनाबाई आत्या म्हणाली. शंकरसिंगची ही थोरली बहीण, ब्याऐंशीची, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. "दारूच्या वासानंच त्याले घेरी येत जाय. बोरीच्या बाजारातली तिखट शेव म्हणजे त्याचा जीव. अन् लापशी तर त्यानं कधी तोंडात घेतली नाही."

उज्ज्वला आत्याकडं वळली.

"मंग आई इतकी वर्षं लापशी काहून टाकत होती?"

"रागानं. सुटीवर आलता, परत बोलावल्याची तार आली तसा पहाटे तिले न उठवता निघून गेलता ना तो. पहिल्या दिवाळीले म्हणे, न सांगता गेला, आता खा लापशी. मले वाटलं, दोन-चार वर्षांत उतरंल राग."

देवसिंगला हसू आवरेना. उज्ज्वला मात्र पेचात पडली. शेव टाकावी तर आईचा जन्मभराचा राग मोडायचा. लापशी टाकावी तर बाप आणखी एक वर्ष उपाशी.

"आईले चालंल काय, आत्या?"

"आता दोघं एकाच ठिकाणी हायेत. भांडू दे तिकडं."

देवसिंग मोटरसायकल काढून बोरीला गेला आणि तासाभरानं पाव किलो शेव घेऊन आला. उज्ज्वलानं आधी आईच्या नावानं लापशी टाकली. तिला ती मनापासून आवडायची. मग बापाचं नाव घेतलं आणि मूठभर शेव सोडली. तेलकट शेव, भक्कन पेटली.

"पाय, कसा तुटून पडला," आत्या म्हणाली.

उज्ज्वलानं पुडी उचलली आणि उरलेली सगळी त्याला वाढली.