आई बाकावर बसेल

"आम्हाला काहीही चालेल," असं घरातल्या प्रत्येकाने सांगितलं, आणि तिथूनच ताईचं डोकं फिरायला सुरुवात झाली.

ताई बस डेपोत चालकांच्या पाळ्या लावायची. एकशे चाळीस चालक, त्यांची दुखणी, त्यांच्या घरची लग्नं, आणि हे सगळं सांभाळून रोज पहाटे वेळेवर सुटणाऱ्या गाड्या तिच्या एका तक्त्यात बसायच्या. तेव्हा दोन दिवसांची सहल आखणं म्हणजे ताईच्या डाव्या हातचा मळ, असं धाकट्या भावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. सहल आरामाची होती. रेल्वेने चार तासांवर असलेलं ते शहर बागांसाठी नावाजलेलं. तिथे रस्त्यांवर झाडांच्या कमानी, पुलांवरून लोंबणाऱ्या वेली, बाराही महिने दमट ऊन आणि हिरवळ. शनिवारी जायचं, रविवारी परतायचं. कुणी कुणाला घाई करायची नाही.

काहीही चालणाऱ्यांनी मग एकेक करून तोंड उघडलं. भावाला रविवारी दहाच्या आत उठायचं नव्हतं. भावजयीला तरणतलाव असलेलं हॉटेल हवं होतं. थोरल्या भाचीला झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या झुलत्या पुलावर चालायचं होतं आणि धाकटीला उंचावर चक्कर यायची. ताईने तीनदा तक्ता बदलला. चौथ्यांदा दातओठ खात बदलला आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली भावाने एक अंगठा उमटवला. तेवढाच.

आईने तेवढं काही मागितलं नाही. ती ताईजवळ राहायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हातात काठी आली होती. चाल मंदावली होती, पण थांबली नव्हती.

बुधवारी दुपारी, डेपोत खिडकीशी तीन चालक रजेसाठी ताटकळत उभे असताना हॉटेलातून फोन आला. पाच माणसं, दोन खोल्या, बरोबर ना? ताई म्हणाली, सहा माणसं, तीन खोल्या. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली की कालच तुमच्या भावाचा फोन आला होता, एक ज्येष्ठ व्यक्ती येत नाही म्हणून.

ताईने फोन ठेवला. खिडकीशी पहिला उभा होता त्या चालकाची रजा तिने काहीही न ऐकता नामंजूर केली. बिचारा बहिणीच्या बाळंतपणासाठी मागत होता. हे तिला नंतर कळलं आणि दुसऱ्या दिवशी तिने ती रजा मंजूरही केली.

पाळी संपल्यावर ती घरी न जाता तडक भावाकडे गेली. भावजयीने पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. आईला वगळायचं कुणी ठरवलं, एवढंच विचारलं.

भाऊ म्हणाला, "आईनेच सांगितलं मला, मी येत नाही म्हणून. मी काय तिला उचलून नेऊ?"

"आणि तू 'का' म्हणून विचारलंस?"

भावजय हळूच म्हणाली, "ताई, त्यांनाच त्रास झाला असता. एवढं चालणं, ते ऊन."

मग मात्र ताईचा तोल गेला. आईने नाही म्हटल्यावर तुमच्या जिवावरचं ओझं उतरलं, हे तुमच्या तोंडावर दिसतंय, असं ती दोघांना म्हणाली. आईच्या ऑपरेशनच्या वेळी कोण कुठे होतं हेही तिने काढलं. लहानपणी सायकल कुणी मोडली आणि मार कुणी खाल्ला इथपर्यंत मजल गेली. पोरी दाराशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ती चप्पल घालून बाहेर पडली.

घरी आई गॅलरीत कुंडीतली माती उकरत बसली होती. ताई म्हणाली की तू त्याच्या भिडेखातर नाही म्हणालीस ना, मला माहीत आहे, मी आत्ताच त्याला चांगला खडसावून आले.

आईने खुरपं खाली ठेवलं. "त्याचा काय संबंध? तुझ्यामुळे नाही म्हणाले मी."

ती उठली, आत गेली आणि तक्त्याचा छापलेला कागद घेऊन आली. भाचीकडून तिने तो मागवून घेतला होता. कागदावर चार ठिकाणी पेन्सिलीची रेघ होती. शनिवार, अकरा वाजता, झुलता पूल: आई बाकावर बसेल. चार वाजता, फुलपाखरांचं घर: आई बाकावर बसेल. संध्याकाळी कारंजी: आई बाकावर बसेल. रविवारी पुन्हा तेच.

"चाळीस वर्षं रोपवाटिकेत उभी राहून कलमं बांधली मी," आई म्हणाली. "चार तास प्रवास करून बाकावर बसायला येऊ? बाक इथेही आहे, खाली, गेटाजवळ."

ताईने म्हणायचा प्रयत्न केला की गुडघ्याची काळजी म्हणूनच तसं लिहिलं. आई म्हणाली की सामानही काळजीनेच ठेवतात. सगळ्यांना काय हवं ते तू चार-चारदा विचारलंस, मला एकदा तरी विचारलंस का?

विचारलं नव्हतं. ताईचा राग काही कमी झाला नाही. पण भावाच्या घरी जे जे बोलून आली होती, त्यातलं अर्धं तिचं तिलाच लागू होतं, हे कळल्यावर तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. कागद उलटा करून ती म्हणाली, "सांग. तुला काय बघायचंय?"

आईला एक रस्ता बघायचा होता. ताई पाळण्यात होती त्या वर्षी त्या शहरातून रोपवाटिकेकडे मागणी आली होती. तिकडच्या नव्या रस्त्याच्या दुतर्फा लावायला दोनशे रोपं हवी होती. ती आईने स्वतः वाढवली, मुळांशी ओलं गोणपाट बांधून ट्रकमध्ये चढवली. ती जगली की मेली, हे कुणी कधी कळवलं नाही. रस्त्याचं नाव तिला पाठ होतं.

शुक्रवारीच ताई आणि आई दोघी निघाल्या. भावाला ताईने रस्त्याचं नाव टाकून एका ओळीत कळवलं.

शनिवारी उजाडता उजाडता दोघी त्या रस्त्यावर पोचल्या. झाडं होती. तीन मजले उंच, वर फांद्यांत फांद्या गुंतलेल्या, खाली पिवळ्या पाकळ्यांचा सडा. ताई मान वर करून बघत राहिली. आईने मात्र वर पाहिलंच नाही. ती पहिल्या झाडाशी वाकली, मग दुसऱ्या, मग पाचव्या, आणि तिचा चेहरा लाल होत गेला. पदपथ नवा करताना कुणीतरी थेट बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं होतं. सालीत ते रुतून बसलं होतं. काही झाडांच्या एका बाजूच्या फांद्या वाळल्या होत्या.

पुढच्या चौकात बागखात्याचा मुकादम चार माणसांना काम वाटून देत होता. आई काठी आपटत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुमच्या गळ्याशी कुणी असं सिमेंट ओतलं तर चालेल का तुम्हाला?"

मुकादम म्हणाला, "आजी, ते रस्तेवाल्यांचं काम आहे. अर्ज करा, बघतील."

"अर्जाला उत्तर येईपर्यंत झाड मरतं. पहार आहे ना गाडीत?"

मुकादमाने ताईकडे पाहिलं, हिला आवरा अशा अर्थाने. ताईला पोटात साठलेलं सगळं ओतायला अखेर योग्य माणूस सापडला होता. ती शांतपणे म्हणाली की आम्ही इथून हलणार नाही, आणि दोन दिवस मोकळे आहेत.

आई मग त्याला हात धरून झाडाशी घेऊन गेली. साल कुठे फुगली आहे, पाणी कुठून आत जायला हवं, हे तिने काठीच्या टोकाने दाखवलं. मुकादमही मातीतलाच माणूस. त्याने दोन प्रश्न विचारले, डोकं खाजवलं आणि पहार मागवली.

दुपारी साडेबाराला भाऊ कुटुंबासह टॅक्सीतून उतरला तेव्हा सहा झाडं मोकळी झाली होती आणि आई सातव्याशी उभी राहून पहारवाल्याला, मुळाला धक्का लावू नकोस, म्हणून दटावत होती. भाऊ ताईजवळ आला. तो म्हणाला की मी विचारायला हवं होतं. ताई म्हणाली, "हो, हवं होतं. मीही." त्यापलीकडे दोघं रविवारपर्यंत कामापुरतंच बोलले, सायकलीचा विषय भावाला फार लागला होता.

भाच्यांनी झुलता पूल रविवारी पाहिला. आई गेली नाही. तिने सकाळी सात वाजता मुकादमाला पुन्हा रस्त्यावर बोलावलं होतं, आणि तो पंधरा मिनिटं उशिरा आला म्हणून ती त्याच्यावर चिडलेली होती.