जुळलं ते छोटीचं

ताईने हॉस्पिटलच्या बाथरूमच्या दारावर तिसऱ्यांदा थाप मारली.

"छोटे, बाहेर ये. पेशी काढायचं मशीन लावून ठेवलंय, डॉक्टर थांबल्यात."

"मी नाही देत," आतून आवाज आला. "तू दे."

ताईचा हात दारावरच राहिला. तू दे! जणू तिनेच नाही म्हटलं होतं. भावाला रक्ताचा कर्करोग आहे हे कळलं त्या दिवसापासून तीच त्याच्या उशाशी होती. आई गेल्यावर दोघा धाकट्यांना तिनेच वाढवलं होतं. भावाला द्यायला कुणाच्या पेशी जुळतात, त्या तपासणीच्या वेळी सगळ्यांत आधी बाही वर सारली तीही तिनेच. आणि जुळलं कुणाचं, तर छोटीचं. घरापासून लांब राहणाऱ्या, भावाचा वाढदिवससुद्धा विसरणाऱ्या छोटीचं. ती बॅग घेऊन उतरली मात्र, सगळे नातेवाईक म्हणायला लागले, "देवासारखी धावून आली पोरगी." तेव्हा ताई शेजारीच भावाचा डबा विसळत उभी होती. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून समजावलं होतं. पेशी एकाची दोन होण्याआधी आतली डीएनएची दुहेरी साखळी अशी सुटत जाते. सुटलेली प्रत्येक बाजू आपली जोडीदार नव्याने बांधून घेते. मजकूर तोच, कुठे चुकलं तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे दुरुस्त होतं. छोटीच्या पेशी भावाच्या हाडांत शिरतील आणि अशाच वाढत राहतील.

"म्हणजे त्याचं रक्त..." ताईने विचारलं होतं.

"तुमच्या धाकट्या बहिणीचं होईल!" त्या हसून म्हणाल्या होत्या.

ते वाक्य तेव्हापासून तिला काट्यासारखं सलत होतं.

आणि आता हे बंद दार. ताईला आत कुठेतरी गार वाटलं. पळपुटी ती पळपुटीच. कळू दे एकदा सगळ्यांना. तिने थाप मारायला उचललेला हात खाली घेतला, पदराला पुसला. मग तिला काचेच्या खोलीत झोपलेला भाऊ आठवला. त्याच्या हाडांतली रक्त तयार करणारी आधीची मज्जा औषधांनी पार संपवून टाकली होती. नक्कल करायला आत काही उरलंच नव्हतं. छोटी आज मागे फिरली तर तो जगणार नव्हता.

ताईने दाराला कपाळ टेकवलं.

"कशाची भीती वाटते गं?"

"पेशी वाढवायच्या त्या इंजेक्शनांनी हाडं नुसती ठणकतायत. आणि माझ्यातलं काढून घेतल्यावर? मीच रिकामी झाले तर?"

"डॉक्टर सांगत होत्या तेव्हा तू मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलीस. ऐक आता. रिकामं नाही होत कुणी. मागे राहिलेल्या पेशी लगेच कामाला लागतात. आतलं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतात, मग एकाच्या दोन, दोनाच्या चार. थोड्या दिवसांत तुझं भरून येतं."

"आणि दादाचं?"

"त्याच्यातही तेच. तुझंच. माझं नाही चालत त्याला. चाललं असतं तर तुला बोलावलं असतं का मी?"

आत बराच वेळ नळ वाहत राहिला. मग कडी सरकली. छोटीचे डोळे सुजले होते.

"तू बसशील माझ्याजवळ?"

"बसते. आधी नाक पूस."

दुपार कलल्यावर भावाच्या पलंगाशी छोटीच्या पेशींची पिशवी टांगली गेली. केवढीशी ती पिशवी! बाहेर बाकावर छोटी ताईच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. जाता जाता नर्स थबकली.

"नशीबवान हो तुमचा भाऊ, अशी बहीण मिळाली," ती छोटीकडे बघत म्हणाली.

"हो ना," ताई म्हणाली.

काचेपलीकडे भावाने डोळे उघडले. दोघींच्या दिशेने हात उचलला, ओठ हलवले. दोनच अक्षरं. ताई म्हणाला की छोटी, काचेआडून कळायला मार्ग नव्हता. ताईचा मोकळा हात अर्धा वर गेला. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग तिने तो छोटीच्या गालावर ठेवला आणि तिला हलवलं.

"ऊठ गं. दादा हाक मारतोय तुला."