मी ब्रेकची डिस्क: मला तेल लावलं तेव्हा

मी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागची ब्रेकची डिस्क बोलतेय. लोखंडाच्या रसातून ओतले गेले, घासून गुळगुळीत झाले आणि या घरातल्या लेकीच्या गाडीला लागले. तिनं पाय दाबला की दोन्हीकडून ब्रेकपॅड मला घट्ट धरतात आणि गाडी थांबते. तिचा जीव माझ्या भरवशावर, म्हणून मी कायम धास्तावलेली.

मध्यंतरी ती कामासाठी चार महिने परगावी होती. उभ्या गाडीत दमट हवेनं माझ्या अंगावर तांबूस गंज चढला. तसा तो वरवरचा, चार वेळा ब्रेक दाबला की जातो. पण बाबांना चैन कुठली! जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त केलेला माणूस. लेक यायच्या दिवशी त्यांनी चाकं काढून मला आणि उजवीकडच्या बहिणीला काचकागदानं घासलं. इथवर ठीक होतं. मग, "आता गंजाची काय बिशाद!" म्हणत आम्हाला मशीनचं तेल चोपडलं.

तेलावर पॅड मला धरणार कसे? लेकीच्या ऑफिसच्या वाटेवर लांबलचक उतार आहे. ओरडावं तर तोंड नाही.

ती आली आणि किल्ली घेऊन लगेच निघाली. बाबा कौतुकानं गेट उघडायला पुढे धावले. कडी अडकली होती, त्यांची गाडीकडे पाठ. लेकीनं ब्रेक दाबला आणि पॅड माझ्यावरून सटकले.

"बाबा, बाजूला व्हा!"

तिनं हँडब्रेक खेचला, मागची बिनतेलाची चाकं आवळली गेली. गाडी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"डिस्कला काय लावलंत?"

"तेल. गंजू नये म्हणून."

"अहो बाबा, तेलानं मशीन पळतं. हिला तर गाडी थांबवायची असते."

बाबा पायरीवर बसले. "म्हणजे त्या उतारावर तुला मीच..." लेक त्यांचा हात धरून बसून राहिली.

मेकॅनिकनं आम्हाला ब्रेक क्लीनरनं धुतलं, तेल प्यायलेले पॅड बदलले. म्हणाला, "गंज टाळायला रंग द्यायचा तर मधल्या भागाला द्या, पॅड घासतात तिथे काही नको. आणि आठवड्याला एक फेरी मारत जा."

आता लेक परगावी गेली की बाबा ती फेरी मारतात. सपाट रस्त्यावर, अगदी हळू, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत. गंज कधीच निघून गेलेला असतो, तरी दाबतात. बाबा, पुरे आता. मी धरतेय, तुम्ही घरी चला.