फोंतरूजची करवंदं

माझा नवरा रफिक खोटं बोलत नाही. तो फक्त खरं बारीक अक्षरांत छापतो.

दुबईत रास अल खोरच्या आमच्या गोदामात करवंदाच्या मुरंब्याच्या बाटल्या रचलेल्या असतात. पुढच्या बाजूला मोठ्या वळणदार अक्षरांत 'फोंतरूज' आणि त्यावर एका दगडी चर्चचं चित्र. मागच्या बाजूला, भिंग घेऊन बसलात तर दिसेल, 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया'.

करवंदं आमच्या घोणखारची. घोणखार माझं माहेर, म्हसळ्याच्या पुढे खाडीच्या अंगाला. चैत्र-वैशाखात माझी मावशी शहरबानू खाला गावातल्या चार बायकांना घेऊन सड्यावर, गावामागच्या कातळपठारावर, जाते, काट्यांनी हात ओरबाडून घेते, चिकाने बोटं काळी करून घेते आणि मोठ्या पातेल्यात मुरंबा रटरटत ठेवते. गावात निम्म्याहून जास्त घरांना कुलपं आहेत. कुणी कुवेतला, कुणी मुंब्र्याला. एस.टी.च्या थांब्यावर आजतागायत गावाच्या नावाची पाटी नाही. खालाचे यजमान, माझे खालू, त्या पाटीसाठी डेपोत अर्ज करून करून थकले आणि तसेच अल्लाला प्यारे झाले. कंडक्टरला आम्ही अजून "चिंचेखाली थांबवा" असंच सांगतो.

मुरंब्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, घोणखार. रफिकने हात जोडले.

"शहनाझ, वीस दिरहमची बाटली आहे. आपले साडेचारशे रुपये. घोणखार नावाला कोण देणार? हबीबी, लोक चव नंतर घेतात, नाव पहले."

मग त्याने मोबाईलवर फ्रान्सचा नकाशा उघडला, बोट फिरवलं आणि जिथे रस्ते संपतात तिथलं एक इवलंसं गाव निवडलं. म्हणे, एवढ्या कोपऱ्यातून कोण येतंय विचारायला! कष्ट माझ्या खालाचे, काटे माझ्या सड्याचे आणि नाव त्या फोंतरूजचं. आयत्या बिळावर नागोबा दुसरं काय असतं? गेली तीन वर्षं मी हे त्याला जेवताना, गाडीत, पाहुण्यांसमोर ऐकवत आले आहे. यंदा मात्र मी हट्टालाच पेटले आणि तो कसाबसा कबूल झाला, की नव्या छपाईत घोणखार.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, फोंतरूज स्वतः गोदामात चालत आलं.

साठी उलटलेला, रापलेल्या तोंडाचा, रुंद पंजांचा गोरा माणूस. अंगात उन्हाळ्याला न शोभणारा जाड कोट. त्याने टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली आमची बाटली ठेवली आणि तिच्याशेजारी तीन रंगांची पट्टी असलेलं एक ओळखपत्र.

आमची सुमैय्या नेमकी त्या दिवशी गोदामात होती. पंधरा वर्षांची आहे आणि शाळेत फ्रेंच घेतलंय. तिने ओळखपत्र वाचलं आणि ते माझ्याकडे सरकवलं.

"अम्मी, ही इज द मेयर. ऑफ फोंतरूज."

नकाशावरच्या त्या ठिपक्यात माणसं असतील, त्यांना महापौरसुद्धा असेल, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. रफिक तर पांढराफटक पडला. माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "खलास. लायसन्स गया. गोदाम गया." एकवीस वर्षांची त्याची मेहनत त्या गोदामात आहे आणि आता ती या कोटवाल्याच्या हातात होती. मी कितीही टोमणे मारत असले तरी त्या क्षणी मी त्याच्याच बाजूला जाऊन उभी राहिले.

पाहुण्याचं नाव मुसियो रूव्हेर. मुसियो म्हणजे त्यांच्याकडचं 'श्रीयुत'. आम्ही चहा मागवला. तो सावकाश, शब्द सुटे करून बोलत होता आणि सुमैय्या आम्हाला सांगत होती.

फोंतरूज उंच पठारावर आहे. चुनखडीचा दगड, कमी पाणी, भरपूर वारा. हा मेयर म्हणजे मेंढ्या पाळणारा शेतकरी. गावात लग्नं हाच लावतो, बर्फ पडला की ट्रॅक्टर घेऊन रस्ता हाच मोकळा करतो. शाळा कधीच बंद पडली, तिची घंटा याच्या घरी आहे. पावाची गाडी आठवड्यातून दोनदा येते. चौकात पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांच्या नावांचा दगड आहे आणि आज गावात जेवढी माणसं उरलीत, जवळजवळ तेवढीच नावं त्या दगडावर आहेत.

गेल्या उन्हाळ्यात त्या चौकात एक मोठी गाडी थांबली. आत दुबईचं एक अरब कुटुंब, सुट्टीवर निघालेलं. त्यांनी आमची बाटली पुढे केली आणि विचारलं, हा मुरंबा इथे कुठे मिळेल?

"मग?" रफिकने विचारलं.

गावात कुणाला काही कळेना. असलं फळ कुणी पाहिलेलं नाही. ते कुटुंब जाताना बाटली ठेवून गेलं. मेयरने ती सभेच्या खोलीत मांडली आणि सगळ्यांना एकेक चमचा दिला. गावातली सर्वांत म्हातारी बाई, ऑदेत, नव्वदी पार केलेली. तिने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, हे माझी आई करायची. दुसऱ्या लढाईच्या आधी. पठारावर याची झुडपं होती.

घोणखारची करवंदं आणि फ्रान्समधल्या म्हातारीची आई!

"पुढच्याच रविवारी," सुमैय्या सांगत होती, "सगळं गाव टोपल्या घेऊन पठारावर गेलं. टु फाइंड द प्लांट. तेव्हापासून दे गो एव्हरी संडे. अजून सापडलं नाही. बाटलीवर आपला पत्ता होता, म्हणून त्यांनी ह्यांना इथे पाठवलंय. गावाने वर्गणी काढून तिकीट काढलं. ही हॅज टु ब्रिंग बॅक द प्लांट."

कोर्टकचेरी परवडली असती. पण रविवारची टोपल्या घेऊन निघालेली ती माणसं माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

रफिकचा चेहरा मात्र उजळला. व्यापाऱ्याची जात! "सुमैय्या, बोल उनको. ते झाड फार जुनं होतं, आता तिथे उगवत नाही. रोपं आमच्याकडे जपून ठेवलीत, सीक्रेट आहे."

"आय ॲम नॉट सेइंग दॅट, पप्पा."

"अगं, बोल ना!"

"नो. इट्स अ लाय. यू से इट."

तेव्हा माझा संयम सुटला. तीन वर्षं कोंडलेलं सगळं बाहेर आलं. मी मोबाईल काढला आणि खालाचा व्हिडिओ त्या माणसासमोर धरला. सडा, काटेरी जाळ्या, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधून करवंदं तोडणारी माझी खाला.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "हे करवंद आहे. आमचं आहे. तुमच्या पठारावर कधी नव्हतं आणि कधी सापडणारही नाही. तुमचं नाव आम्ही नकाशावरून उचललं. त्या आजींना चुकीचं आठवलं. आम्हाला माफ करा."

सुमैय्याने शब्द न् शब्द सांगितला. सांगताना तिचे डोळे भरले.

मुसियो रूव्हेरने व्हिडिओ शांतपणे शेवटपर्यंत पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग आपली बाटली फिरवून तिची मागची बाजू माझ्यासमोर केली. 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया' जिथे असतं, तिथला कागद चाकूने खरवडलेला होता.

तो एकच वाक्य बोलला.

"काय म्हणाले?"

"अम्मी... ही सेज, मी मेंढ्या राखतो, पण मला वाचता येतं."

याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! बाटली सभेत मांडायच्या आधी यानेच ते खरवडलं होतं.

"मग आलात कशाला?" माझा आवाज चढला. "एवढ्या लांब? गावाच्या पैशाने?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. फोंतरूज आता खालच्या मोठ्या गावात विलीन होणार आहे. एक जानेवारीपासून. एवढ्याशा गावाला वेगळा कारभार परवडत नाही. नाव जाणार. कागदांवरून, नकाशावरून, रस्त्याच्या कडेच्या पाटीवरून. या निर्णयावरून गाव उभं फाटलं. निम्मे बाजूने, निम्मे विरोधात. दोन वर्षं शेजारी शेजाऱ्याशी बोलला नाही. सख्ख्या भावांनी मध्ये कुंपण घातलं. आणि ऑदेतने तो चमचा तोंडात घातला. पुढच्या रविवारी दोन्ही बाजूंची माणसं एकाच पठारावर, एकमेकांच्या टोपल्यांत डोकावत होती.

"तिला खरंच आठवलं का?" मी विचारलं.

"ही सेज, मी तिला विचारलं नाही. आणि विचारणार नाही."

मग त्याने आपली विनंती सांगितली. अशी गोष्ट फोनवर सांगत नाहीत, म्हणून तो स्वतः आला होता. एक, गावातून कुणी आम्हाला लिहिलं तर खरं सांगू नका. तो परत जाऊन सांगणार होता की झाड फार जुनं होतं, आता तिथे उगवत नाही, दुबईच्या लोकांनी जपलंय. अगदी रफिकचंच खोटं, शब्दाला शब्द! रफिकने माझ्याकडे असं पाहिलं की हसावं की थोबाडीत द्यावी कळेना. सुमैय्या म्हणाली, "सो एव्हरीवन इज लाइंग? सीरियसली?"

आणि दुसरी विनंती, बाटलीवरचं नाव बदलू नका. जानेवारीनंतर जगात दुसरीकडे कुठे ते छापलेलं असणार नाही.

रफिक माझ्याकडे पाहत होता. नव्या लेबलचा नमुना टेबलाच्या खणात होता. त्यावर घोणखार होतं. ते मी भांडून, रुसून, रडून मिळवलं होतं.

"दोन्ही नावं टाकू," रफिक घाईने म्हणाला. "फोंतरूज-घोणखार. यल्ला, फिनिश."

मुसियोने मान हलवली. दोन नावं दिसली की गावातले विचारतील, हे दुसरं कुठलं.

मला संताप आला. हो, आला! माझ्या खालाला काय सांगू? तुझं गाव अजून आहे म्हणून थांब? घोणखार तरी किती दिवस आहे? दहा वर्षांनी कुलपंसुद्धा गंजून पडतील आणि आमच्याकडे तर नाव पुसायला पाटीही नाही. हे सगळं मी त्याला भडाभडा बोलले. सुमैय्याने सांगितलं की नाही, कोण जाणे. पण तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, तुमच्या गावात किती घरं उघडी आहेत? मी सांगितलं. तो नुसता माझ्या हातावर थोपटत राहिला. त्याचा तळवा खालाच्या तळव्यासारखाच खरखरीत होता.

मी खण उघडला आणि लेबलचा नमुना त्याच्यासमोर फाडला. फाडताना मला रडू फुटलं, ते मी लपवलं नाही.

जायला उठला तेव्हा त्याने फाटलेल्या तुकड्यांतला घोणखारचा तुकडा उचलला आणि वाचायचा प्रयत्न केला. "गोनकार?" मी तीनदा म्हणून दाखवलं. त्याला 'घ' काही जमला नाही. तुकडा कोटाच्या खिशात ठेवून तो गेला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुमैय्याच्या फोनवर एक फोटो आला. निळी पत्र्याची पाटी, पांढरी अक्षरं, मागे उजाड पठार आणि हातात टोपल्या घेतलेली तीस-चाळीस माणसं. पुढे खुर्चीत, घोंगडी पांघरून, एक म्हातारी. खाली मेयरने लिहिलं होतं की एकतीस तारखेपर्यंत रस्त्यांना नावं द्यायचा अधिकार त्यांच्या सात जणांच्या पंचायतीचा आहे, त्यातली एक त्याची बायको आहे आणि विलीन झाल्यावर गावाचं नाव जातं, पण रस्त्यांची नावं राहतात. जिथे सगळे करवंदं शोधायला जातात, त्या वाटेला त्यांनी नाव दिलंय. लोकांना सांगितलंय, झाड जपणाऱ्यांच्या गावाचं नाव आहे.

पाटीवर फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, 'घोणखारची वाट'.

रफिक ते नाव मोठ्याने वाचत होता, पुन्हा पुन्हा. मी फोटो खालाला पाठवला आणि फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल.

खालाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शहनाझ, त्या लोकांना विचार गे, अजून एक पाटी करून देतील काय. आपल्या चिंचेला लावू."