पत्रिकांच्या मागचे संदर्भ

आमच्या दैवशाला आत्याची पीएच.डी. सहा वर्षांची आहे, म्हणजे माझ्या धाकट्या भावापेक्षा एका वर्षानं मोठी. विषय अंबड तालुक्यातले आठवडी बाजार. मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि तिसऱ्यांदा वाढवून मिळत नाही. शुक्रवारपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द होणार होती, आणि आत्याला पुन्हा पहिल्या बाजारापासून सुरुवात करावी लागणार होती.

प्रबंध लिहून तयार होता. अडलं होतं शेवटच्या संदर्भ यादीवर. तिचे मार्गदर्शक सोळुंके सर जालन्याला राहतात. त्यांनी कच्ची प्रत परत पाठवली, वर लाल पेनानं एवढंच: ‘मजकुरात २८६ संदर्भ. यादीत २७१. पंधरा जण कुठे गेले?’

पंधरा जण चपलांच्या खोक्यात होते. आत्या संदर्भ लग्नपत्रिकांच्या मागं लिहिते. कागद जाड असतो, मागची बाजू कोरी असते आणि पत्रिका येत राहतात. अडचण एकच. तिला संदर्भ लेखकाच्या नावानं सापडत नाही, लग्नाच्या नावानं सापडतो.

“बाजार समितीचा जुना अहवाल कुठंय?” मी विचारलं.

“मीनाच्या लग्नात.” मीना म्हणजे तिची नणंद.

“आणि तो बैलबाजारावरचा लेख?”

“हरिओमच्या साखरपुड्यात बघ. हळदीचा डाग हाय त्याच्यावर.”

मी अकरावीत आहे आणि यंदापासून शाळेच्या संगणक खोलीची किल्ली माझ्याकडे असते. त्यामुळं शनिवारी दुपारी मी आत्याच्या घरी जाऊन जाहीर केलं की या कामासाठी सॉफ्टवेअर असतं, ते निवडायचं, आणि ते मी निवडून देणार. आत्या आणि आदिनाथ मामा, म्हणजे तिचे मिस्टर, सतरंजीवर बसून ऐकायला लागले. मामांचं बियाण्यांचं दुकान आहे. कुठलीही नवी वस्तू ते नव्या वाणासारखी तपासतात.

“तीन आहेत,” मी म्हणाले. “एंडनोटला पैसे लागतात. मेंडले फुकट, पण आधी खातं उघडावं लागतं. झोटेरो फुकट, आणि खातं नसलं तरी चालतं.”

“हलक्या जमिनीत येतंय का?” मामांनी विचारलं.

म्हणजे आत्याच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं का. मी चालवून दाखवलं.

“आणि पाणी तुटलं तर?”

“नेट नसलं तरी नोंदी आपल्याच लॅपटॉपवर राहतात.”

“मंग तेच घ्या,” मामा म्हणाले आणि दुकानात गेले.

आत्याचा प्रश्न वेगळा होता. “लग्न लिहायला जागा हाय का त्यात?”

होती. प्रत्येक नोंदीला टॅग लावता येतो. मीनाच्या लग्नाच्या उरलेल्या अकरा पत्रिकांवरचे संदर्भ मी तिथंच भरले, त्यांना ‘मीनाचं लग्न’ असा टॅग टाकला, त्यावर टिचकी मारली आणि अकराच्या अकरा समोर आले. आत्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. झोटेरो ठरलं. अशा रीतीनं निवड झाली, आणि ती बरोबर होती हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात सॉफ्टवेअरचा काहीच दोष नाही.

रविवारपासून आत्या बाकीची एकेक पत्रिका उचलून सांगायला लागली आणि मी टाइप करायला लागले. लेखकासाठी दोन चौकटी येतात, एक आडनावाची, एक नावाची.

“असे तुकडे नको करू माणसाचे,” आत्या म्हणाली. “पूर्ण लिही. प्राचार्य भगवानराव साबळे.”

“प्राचार्य कशाला?”

“अगं, सत्तरीचे हायेत ते. नुसतं साबळे म्हणू का मी?”

दोन चौकटींची एक करायचंही बटण असतं. मी ते दाबलं आणि दाबतच राहिले. कुणाला डॉ. लागलं, कुणाला प्रा. लागलं, जे वारले होते त्यांना कै. लागलं, एका कीर्तनकारांना ह.भ.प. लागलं. मंगळवारी दुपारी आत्या कॉलेजात तास घ्यायला गेली, तेव्हा उरलेल्या पत्रिका मामांनी वाचून दाखवल्या. बुधवारी संध्याकाळी आकडा बरोबर २८६ आला. छापून आणलेली यादी आत्यानं देवापुढं ठेवली. वाचली कोणीच नाही.

गुरुवारी आम्ही सकाळच्या बसनं जालन्याला सरांच्या घरी गेलो. शाळेत मी संशोधनाचं काम असल्याचं कळवलं होतं. लॅपटॉप आणि प्रबंधाच्या पाच प्रती माझ्याकडे होत्या, खोकं आत्याच्या मांडीवर होतं. खोक्याशिवाय ती निघायला तयारच नव्हती.

सरांनी यादी हातात घेतली, दोन पानं उलटली, परत पहिल्यावर आले.

“मॅडम, पहिली दोन पानं सगळी वारलेली माणसं आहेत.”

“वर्णमालेनं आलंय, सर,” मी म्हणाले. “कै. आधी येतं.”

“परीक्षक मजकुरात ‘साबळे २०११’ वाचणार आणि यादीत स खाली बघणार. साबळे कुठं आहेत?”

“प्राचार्यांत,” आत्या म्हणाली.

सर पान उलटून ‘प्रा. डॉ.’ वर गेले आणि पेनाच्या टोकानं स्वतःचे लेख मोजले.

“माझे नऊ लेख तुम्ही वापरलेत. इथं आठ आहेत.”

“पण आकडा बराबर हाय, सर,” आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“मग माझ्या जागी कोण आलंय?”

ते पहिल्याच पानावर सापडलं. सरांनी मोठ्यानं वाचलं. “कै. अप्पाराव खरात. २०१९. चि. सुमित आणि चि. सौ. कां. अक्षता. अंबड: राजयोग मंगल कार्यालय.”

मामांनी छापील बाजू वाचली होती. मी ‘प्रकाशक कोण’ म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी मंगल कार्यालय सांगितलं. चौकटी सगळ्या भरल्या होत्या, म्हणून मलाही शंका आली नाही. आत्यानं खोक्यातून ती पत्रिका काढून उलटी केली. मागं सरांचा नववा लेख होता, पृष्ठक्रमांकासकट.

“या लग्नाला मी होतो,” सर म्हणाले. “जेवण चांगलं होतं. पण प्रबंधात येण्याइतकं नाही.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “यावर मी सही कशी करू, मॅडम? उद्या शेवटची तारीख. पदव्या लावायच्या नाहीत, हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं, सर,” आत्या म्हणाली. “पण मोठ्या माणसांपुढं हात चालत न्हाई माझा.”

“माझा चालतो,” मी म्हणाले आणि लॅपटॉप उघडला. “सर, मला चार तास आणि एक प्लग पॉइंट द्या.”

सरांनी टीव्हीचा प्लग काढून दिला.

कै. पहिल्यांदा काढले, त्यांची हरकत नव्हती. मग डॉ., मग प्राचार्य. आडनाव एका चौकटीत, नाव दुसऱ्या चौकटीत. आत्या शेजारी बसून प्रत्येकाला पुटपुटत माफी मागत होती. ‘प्रा. डॉ. रामप्रसाद सोळुंके’ आलं तेव्हा तिनं माझा हात धरला.

“ते राहू दे,” ती कुजबुजली.

“एकट्याचं ठेवलं तर ते प खाली जातील आणि परीक्षकाला सापडणार नाहीत,” मी म्हणाले. आम्ही कुजबुजत असलो तरी खोली लहान होती. म्हणून सरळ विचारलं, “सर, तुमचंही काढू का?”

सर पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

“काढा,” पेपरामागून आवाज आला. मग थोड्या वेळानं, “नऊ ठिकाणी.”

साडेतीनला खालच्या दुकानातून नवी यादी छापून आणली. सरांनी ती उभ्यानं वाचली. स वर थांबले.

“साबळे माझ्या आधी?”

आत्यानं खाली बघितलं. सर आणि साबळे एका निवड समितीपासून एकमेकांशी बोलत नाहीत, हे तिनं मला बसमध्ये सांगितलं होतं.

“सा आधी, सो नंतर,” मी म्हणाले. “बाराखडी आहे, सर.”

“त्याला इलाज नाही,” सर म्हणाले. त्यांनी नऊ लेख मोजले, मग बसले आणि मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सही केली, पाची प्रतींवर. तारीख घालताना विचारलं, “माझ्याकडं दोन कपाटं भरून कागद आहेत. ते यात बसतील का?”

“बसतील. फक्त तुम्हांला कुठलं कुणाच्या लग्नात आहे ते आठवायला पाहिजे.”

“माझे फायलींत आहेत,” सर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली होती. मांडीवर सह्या झालेल्या प्रती, खोकं पायाशी. मध्येच ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, “सोळुंके.” नुसतं तेवढंच. आणि कोणी ऐकलं का म्हणून तिनं मागच्या सीटकडं वळून बघितलं.