दीपगृहाच्या मागचा आकडा

चहाच्या पुड्यांतून पूर्वी निघायची ती चित्रकार्डं माझ्या सासऱ्यांकडे होती, तशीच दूरच्या एका निवृत्त घड्याळजींकडेही. दोघं कधी भेटले नव्हते, पण पत्रांतून या कार्डांची पहिली पूर्ण यादी करत होते. सासऱ्यांचा हात थरथरतो, म्हणून पत्रं मी लिहायची.

आज घड्याळजींनी लिहिलं होतं, "पन्नासांत फक्त सदतिसावं अडलंय. तुमचं दीपगृहाचं कार्ड तेच असावं. मागचा आकडा बघून कळवा. अंदाज नको."

पंचाईत अशी, की सासऱ्यांनी लहानपणी सगळी कार्डं वहीत खळीने चिकटवली होती. आणि दीपगृह दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

"सदतीस लिहून टाक," ते म्हणाले. "कोण उठून बघायला येतंय?"

"मग यादी कशाला करायची, बाबा?"

"फाटलं तर?"

"तरी आकडा कळेल."

माझं बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं. तरी दोनदा जाऊन त्याचा श्वास बघितला, दार लावलं, मगच किटली ठेवली. वहीचं पान वाफेवर धरलं. बाबा पाठ करून उभे राहिले.

"झालं का?"

"बोलू नका, हात हलतो."

कार्ड सुटलं, पण एक कोपरा वहीलाच राहिला. मागे आकडा होता एकावन्न.

बाबांनी तो तीनदा वाचला. "म्हणजे पन्नासावर संपत नाहीत तर! आणि सदतिसावं अजून बाहेरच आहे." त्यांनी खुर्ची ओढली. "घे कागद. कोपरा फाटला तेही लिही."